पुढे काम चालू आहे

आज बियाणं नाही, कर्ज नाही, लोणचं-पापडही नाही. आज रस्त्याबद्दल बोलायचंय. आपण रोज ज्याच्यावरून जातो तो रस्ता, आणि तोही निम्मा उकरून ठेवलेला असतो तेव्हाचा.

सुरुवात माझ्या पडण्यापासून करते. गावात ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण निम्म्या जणींना चुकीची माहितीये.

मंगळवार होता. आदल्या दिवशी गटाची मीटिंग झालेली, हप्त्याचे पैसे बँकेत भरायचे होते. मी स्कूटी चालवत होते, मागे माझी धाकटी जाऊ, तिच्या मांडीवर पैशाची पिशवी. फाट्यापासून बँक ७ किलोमीटर. या रस्त्यावर मी ११ वर्षं गाडी चालवतेय. कुठे खड्डा आहे, कुठल्या वस्तीपाशी कुत्री अंगावर येतात, कुठल्या बाभळीशी वळण आहे, सगळं पाठ. सोमवारी गेले तेव्हा रस्ता सपाट होता. सोमवार-मंगळवारच्या मधल्या रात्री त्यांनी डाव्या अर्ध्यावर डांबराचा नवा थर टाकला. त्यामुळे रस्त्याच्या मधोमध, लांबच्या लांब, चार बोटं उंचीची पायरी तयार झाली. सकाळच्या उन्हात काळ्यावर काळं, ती पायरी दिसलीच नाही. पुढे रोलर उभा होता म्हणून मी उजवीकडे जुन्या भागावर उतरले आणि रोलर ओलांडून परत डावीकडे वर यायला लागले. पुढचं चाक वर चढलंच नाही. ते पायरीला घासत घासत सरळ जात राहिलं, हँडल हातातून निघालं, आणि आम्ही दोघी खाली.

वेग २५-३० च्या वर नव्हता. मला खरचटलं. जाऊबाईंचं मनगट मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात, घरी दोन गाई, आणि एका हातानं धार काढता येत नाही. पैशाची पिशवी मात्र त्यांनी सोडली नव्हती.

त्या जागी ना फलक होता, ना दिवा, ना माणूस. पण गावात काय बोललं गेलं? "बायकांनी चालवूच नये गाडी." त्याच आठवड्यात त्याच जागी दोन बाप्ये पडले. त्यांच्याबद्दल गाव म्हणालं, "रस्ता खराब आहे." आमच्या गटातल्या तिघींच्या घरून त्यानंतर गाडीची किल्ली मिळेना. म्हणजे बँक नाही, बाजार नाही, मुलीला कॉलेजला सोडणं नाही. म्हणून मी हा विषय घेतलाय. मैत्रिणींनो, त्या चार बोटांच्या पायरीनं मनगट मोडलं ते मोडलंच, वर तीन बायकांचं बाहेर जाणं बंद केलं.

माझी चूक काय झाली, तेही सांगते. रस्ता पाठ आहे, हीच चूक. काम चालू असलेला रस्ता पाठ होत नाही. काल जिथून गेलो तिथे आज भराव असतो, सकाळी सरळ गेलो ती वाट संध्याकाळी बंद असते. उलट परगावचा माणूस तिथून बिचकत बिचकत जातो आणि सुखरूप पोहोचतो. पडतो आपण, रोजचे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मार्ग दिवे घाटापासून मोहोळपर्यंत साधारण २२१ किलोमीटर, आणि तुकाराम महाराजांचा पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत साधारण १३० किलोमीटर. दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, असं ते काम. एवढं मोठं काम एका हंगामात होत नसतं. वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यात चालतं, एक तुकडा गुळगुळीत तर पुढचा उखडलेला. आणि रस्ता उकरलाय म्हणून वारी थांबत नाही, ऊस थांबत नाही, आणि आपली मंगळवारची बँकही थांबत नाही. मोठा महामार्ग जवळ नसेल तर गावचा जोडरस्ता असेल, नाहीतर पुलाचं काम असेल. गोष्ट सगळीकडे तीच.

मग करायचं काय? मला विचाराल तर आधी एक गोष्ट शिकायची. तिथे आज कुठलं काम चाललंय ते ओळखायला शिकायचं. आपण चुलीपाशी न जाता वासावरून सांगतो ना, की फोडणी झाली का दूध उतू चाललंय, तसं. रस्ता थराथरानं बांधतात आणि प्रत्येक थराचा धोका वेगळा असतो.

सगळ्यात खाली माती-मुरमाचा भराव. तो दाबून बसावा आणि धूळ उडू नये म्हणून टँकर त्याच्यावर पाणी मारत फिरतो. कोरडा असतो तेव्हा धुळीत समोरचं दिसत नाही, आणि टँकर नुकताच गेला असेल तर वरचा मुरूम साबणासारखा होतो. आपल्याला वाटतं, बरं झालं, धूळ बसली. पण टँकर गेल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटंच वाईट. तिथे ब्रेक दाबलात की मागचं चाक शेपटीसारखं बाजूला जातं. वेग आधीच कमी करून यायचं आणि त्या पट्ट्यात शक्यतो ब्रेकला हात लावायचा नाही.

त्याच्यावर खडी. परातीत ज्वारी पसरा, तिच्यावर बोट दाबून पुढे ढकला. बोट सरकतं, कारण खालचे दाणेच गोल गोल फिरतात. सुटी खडी चाकाखाली तेच करते. आणि आपल्या स्कूटीची चाकं मोटारसायकलपेक्षा लहान, म्हणून ती खडीत जास्त रुततात. घरात दादाची मोटारसायकल जिथून आरामात जाते तिथे तुमची स्कूटी डगमगली, तर तो तुमच्या हातांचा दोष नाही. खडीवर हँडल घट्ट आवळून धरलं की गाडी जास्त डगमगते. हात थोडे सैल, नजर चाकाखाली न ठेवता पुढे दहा-पंधरा पावलांवर, रेस एकसारखी. एकदम रेस द्यायची नाही, एकदम सोडायची नाही, हँडल झटक्यानं वळवायचं नाही. दोन्ही पाय जमिनीला घासत नेतो आपण कितीदा, त्यानं आधार मिळत नाही, उलट पाय खडीत अडकतो. पाय पायठेवणीवरच ठेवा. तेवढं जमत नाही असं वाटलं तर पूर्ण थांबा, उतरा आणि गाडी ढकलत न्या.

पुढचा ब्रेक एकटा दाबू नका, हे तर सगळ्याच सांगतात. पण नव्या गाड्यांत एक बदल झालाय. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक आलाय. स्कूटीचा डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. डांबरी रस्त्यावर हे फार चांगलं. पण तुम्ही जुनी गाडी विकून नवी घेतली असेल, तर खडीवर डावा ब्रेक पहिल्यासारखा लागणार नाही हे ध्यानात ठेवा आणि हलक्या हातानं, थोडा थोडा दाबा.

खडीच्या वर डांबर. थर टाकायच्या आधी खाली पातळ डांबर फवारतात, त्यामुळे रस्ता काळा तुकतुकीत दिसतो. तो ओला असेल तर त्याच्यावर जायचंच नाही. चाक घसरतं, आणि साडीवर उडालेलं डांबर रॉकेलनं घासूनही निघत नाही, हेही जाता जाता सांगते. काही वेळा जुना रस्ता यंत्रानं खरवडून ठेवलेला असतो, लांब लांब रेघा पडलेल्या असतात. तिथे गाडी रेघेबरोबर सरकते, हँडल आपोआप इकडेतिकडे होतं. घाबरून उलटं ओढू नका. हळू चालवत राहा, गाडी आपोआप सरळ राहते.

आणि मग ती पायरी, माझी. नवा थर आणि जुना रस्ता यांच्यामधली. तिच्यावर तिरकं चढायचं नाही. सायकल उंबऱ्यावरून नेताना आपण सरळ समोरून नेतो. तिरकी नेली तर चाक उंबऱ्याला घासत जातं, वर चढत नाही. इथेही तसंच. आधी बघायचं की कामवाल्यांनी थराच्या टोकाला उतार करून दिलाय का. बहुतेक वेळा कुठेतरी दिलेला असतो. तिथूनच चढायचं-उतरायचं, भले शंभर पावलं पुढे जावं लागो. उतार नसेल आणि चढायचंच असेल, तर मागे-पुढे गाडी नाही बघून, वेग चालण्याइतका करून, चाक शक्य तेवढं आडवं, पायरीला समोरून भिडवायचं. तेवढी जागा नसेल तर उतरा. बाई गाडी ढकलतेय म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

सिमेंटच्या रस्त्याची कड तर याहून उंच, जवळजवळ फूटभर. ती चढायचा प्रश्नच नाही, पण वरून खाली पडण्याचा आहे. नव्या सिमेंटवर ओली गोणपाटं अंथरलेली दिसतात, ते काम किमान दोन आठवडे ओलं ठेवावं लागतं. मोकळा, गुळगुळीत रस्ता दिसतो म्हणून पोरं त्याच्यावर गाड्या घालतात. पुढे तो एकदम संपतो, टोकाला सळ्या बाहेर आलेल्या असतात, आणि अंधारात ते दिसत नाही. आपल्या पोरांना हे एवढं घरी बसून सांगा. "रस्ता रिकामा होता" असं म्हणतात ना, रिकामा होता कारण अजून रस्ता झाला नव्हता.

वेगाबद्दल मी फार भाषण देणार नाही, फक्त एक हिशेब सांगते. ताशी ४० नं चाललं की गाडी दर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. झेंडेवाला दिसला, मनात आलं की थांबावं, आणि हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच आपल्या घराच्या ओसरीपासून परसापर्यंतचं अंतर गेलं. त्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते वेग निम्मा केला की निम्मं होत नाही, पाव होतं. म्हणून ४० ऐवजी २० केलं तर फरक दुपटीचा नाही, चौपटीचा पडतो. आणि खडीवर तेच अंतर डांबरापेक्षा कितीतरी जास्त. कामाचा पट्टा एक किलोमीटरचा असेल, तर ४० ऐवजी २० नं जाऊन उशीर होतो दीड मिनिटाचा. बँकेत रांगेत आपण तासभर उभ्या असतो, बायांनो.

आता यंत्रांबद्दल, कारण ही गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. जाऊबाईंचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघी कामाच्या जागी गेलो होतो, तक्रारीसाठी. जेवणाची सुट्टी होती. पोकलेनवर काम करणारा परराज्यातला एक मुलगा, वय असेल २२-२३, आमची हिंदी आणि त्याची मराठी सारखीच. मी त्याला म्हटलं, "तुला आम्ही दिसत नाही का रे?" तो म्हणाला, "मौसी, ऊपर आके देखो." मला यंत्र बंद असताना केबिनमध्ये बसवलं त्यानं. आणि खरं सांगते, जाऊबाई यंत्राच्या मागे उभ्या होत्या, लाल साडी, आणि मला त्या दिसल्याच नाहीत. उजव्या बाजूला सोंडेनं सगळं झाकलेलं, मागे इंजिनाचा डबा. आरशात फक्त एक पट्टा दिसतो.

त्या दिवसापासून माझा नियम हा. यंत्राच्या आरशात मला चालवणाऱ्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाहीये. डंपरलाही हेच. डंपरच्या अगदी मागे, आणि डाव्या अंगाला चिकटून कधीच जायचं नाही. तो डावीकडे वळला तर त्याला कळतही नाही. पोकलेन सोंडेनं मारतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं, पण ते जागच्या जागी गर्रकन फिरतं तेव्हा मागचं जड बूडही फिरतं. बुडाच्या आणि कठड्याच्या मध्ये जी बोळ दिसते ना, एक स्कूटी जाईल एवढी, ती पुढच्या क्षणी नसते. थांबा, हात करा, त्यानं काम थांबवून मान हलवली की मगच जा. कामावरची माणसं नेहमी थांबवतात. आपण विचारतच नाही.

मागे येणाऱ्या यंत्राचा टीं-टीं आवाज असतो. पण आपण धुळीसाठी ओढणी कानांवरून गच्च गुंडाळलेली असते, त्यामुळे आवाजही अर्धा आणि बाजूचं दिसणंही अर्धं. नाकावर रुमाल बांधा आणि वर हेल्मेट घाला. हेल्मेटची काच धूळ अडवते. ते चालवणारीला लागतं तसंच मागे बसणारीलाही कायद्यानं लागतं. आयएसआयचा शिक्का बघून घ्यायचं आणि पट्टा लावायचा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट आपल्या आधी रस्त्यावर पोहोचतं. पदर आणि ओढणीची टोकं खोचून घ्या, एरवी चाकाची भीती, इथे बाहेर आलेल्या सळ्यांचीही.

मागे बसणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते. आपण साडीत एका अंगाला बसतो, सगळं वजन डावीकडे. चांगल्या रस्त्यावर निभतं. खडीवर, पायरीवर निभत नाही. तिथे खाली उतरून तेवढा पट्टा चालत जा. माझ्या जाऊबाई त्या दिवशी उतरल्या असत्या तर मी एकटी पडले असते. हे त्या मला अजून ऐकवतात, आणि मी ऐकते.

फलकांचं थोडक्यात. लाल काठाच्या त्रिकोणात फावडं घेतलेला माणूस म्हणजे पुढे काम चालू. लाल गोलात आकडा म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त वेग नाही. कामाच्या जागी काय काय असावं, याची पुस्तिकाच आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था ती काढते, 'एसपी ५५' म्हणतात तिला. त्यात कामाच्या पट्ट्याचे चार भाग सांगितलेत. आधी सूचना देणारा भाग, मग गाड्या वळवणारा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी काम संपल्याचा. आपण कामाचा खड्डा मागे पडला की लगेच रेस देतो, पण शेवटचा भाग बाकी असतो. तिथे समोरच्या गाड्या पुन्हा आपल्या बाजूला येत असतात. काम संपल्याची पाटी दिसेपर्यंत सावकाश.

एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात तिथे झेंडेवाला उभा असतो. मोटारी थांबलेल्या असतात आणि आपली दुचाकी कडेकडेनं पुढे सरकते, मग सगळ्यांच्या पुढे, मग जरा आणखी पुढे. समोरून सोडलेली रांग आली की आपल्याला ना पुढे जागा, ना मागे. रांगेतच थांबा. झेंडा धरणारा तो माणूस दिवसभर उन्हात धूळ खात उभा असतो, पुष्कळ ठिकाणी बाई असते, जवळच झाडाला झोळी बांधलेली असते. आपल्या गाडीचा वेग हा त्या झोळीपासून हातभर अंतरावर असतो.

उलट्या बाजूनं जाणं, यावर मी तुम्हाला दोष देणार नाही. मधला दुभाजक बांधून झाला की शेतातून घरी यायला दोन किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं. डोक्यावर गवताचा भारा असलेली बाई कशाला जाईल? ही अडचण खरी आहे, आणि ती काम चालू असतानाच, वळण कुठे सोडायचं ते ठरताना मांडायची असते. ग्रामसभेत मांडा, लेखी द्या. पण तोवर गाडीवर बसून उलटं जाऊ नका. उतरून कडेनं, समोरून येणारं दिसेल असं चालत, गाडी ढकलत आलात तर वाचाल.

रात्रीचं वेगळंच. अंधार पडल्यावर कामाच्या पट्ट्यातून जाणं टाळता आलं तर टाळा, नसेल टळत तर सोबतीनं जा. कामवाल्यांनी चमकणारी पिंपं ठेवलेली नसली की गावातलं कुणीतरी भल्या मनानं खड्ड्यापाशी दगड रचतं आणि वर झाडाची फांदी लावतं. दिवसा ती खूण, रात्री तोच दगड चाकाखाली येतो. फांदीला पांढरं पोतं बांधलंत तरी फरक पडेल. आणि गळिताचा हंगाम असला तर उसाच्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि टायर पंक्चर झाला की अर्ध्या रस्त्यात उभ्या. निमुळत्या पट्ट्यात त्यांना ओलांडायला जागाच नसते. आमच्या गटानं लाल चमकपट्टीचे रोल आणले आणि घरोघरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला, सायकललाही लावले. हे काम एका दुपारी होतं. नवऱ्याला सांगत बसू नका, स्वतःच चिकटवा.

चालणाऱ्यांचं पण राहू नये. काम सुरू झालं की एसटीचा थांबा पहिला जातो. मग गाडी कुठेही थांबते आणि बाई उतरते ती थेट खोदकामाच्या कडेला. कंडक्टरला आधीच सांगा, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला उतरवा म्हणून. पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, घोट्याएवढंही असतं आणि दोन पुरुषही. लेकरांना शाळेत जायची वाट दर आठवड्याला एकदा स्वतः चालून दाखवा, कारण ती दर आठवड्याला बदलते.

आता शेवटचं, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त फोन येणार आहेत. आपण सांभाळून चालवायचं हे झालं. पण फलक, दिवे, कठडे, झेंडेवाला ही जबाबदारी आपली नाही. ती काम करणाऱ्याची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८ अ आलंय. रस्त्याच्या बांधणीचे आणि देखभालीचे सुरक्षिततेचे ठरलेले नियम पाळले नाहीत आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लाख रुपये म्हणजे फार नाहीत, पण बोलायला आधार आहे.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा क्रमांक आहे, चोवीस तास. फोन करताना "आमच्या फाट्याजवळ" म्हणू नका. पलीकडचा माणूस कुठे बसलाय काय माहीत. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, कुठल्या बाजूची कड ते सांगा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. जिल्ह्याचा किंवा गावचा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेचं बांधकाम खातं. कामाच्या सुरुवातीला एक मोठा फलक लावलेला असतो, कुणाचं काम, किती रकमेचं, कधी संपणार. त्याचा फोटो आजच काढून ठेवा, वाऱ्यात फलक पडतात आणि परत उभे राहत नाहीत.

अपघात झालेला दिसला तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. मदत केली तर कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील ही भीती आता सोडा. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नावही जबरदस्तीनं विचारता येत नाही, कायद्यातच तसं कलम आहे. आणि २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. दवाखान्यानं आधी पैसे मागितले तर या योजनेचं विचारा.

आमच्या तक्रारीचं काय झालं ते सांगून थांबते. आम्ही अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिला, पायरीशेजारी टेप धरून काढलेला फोटो लावला. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक कामाच्या साइट ऑफिसला, पोच घेतली. पहिल्यांदा तिथला माणूस म्हणाला, "ताई, हळू चालवत जा." आम्ही म्हटलं, हळूच चालवत होतो, तुम्ही पोच द्या. १०३३ ला दोनदा फोन केला. नवव्या दिवशी पायरीच्या टोकांना उतार करून दिले, सहा पिंपं आली, आणि फाट्यावर लुकलुकणारे दोन दिवे लागायचे ठरले. त्यातला एक लागलाय. दुसऱ्यासाठी येत्या सोमवारी, मीटिंग झाली की, परत फोन करणार आहोत. आणि त्या तिघींपैकी दोघींना किल्ली परत मिळाली. तिसरीच्या सासूबाई हा कार्यक्रम ऐकतात असं कळलंय. नमस्कार, मावशी.